अर्थ इंजिनचं खातं काढायचं, पण कोणाच्या नावावर?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लातूरच्या एका महाविद्यालयात भूगोलात पीएच.डी. करणाऱ्या ताईंना मांजरा धरणाचा पाणपसारा २०१६ पासून दरवर्षी किती होता ते उपग्रहाच्या चित्रांवरून मोजायचं आहे. त्यासाठी गुगल अर्थ इंजिनवर (उपग्रहाच्या चित्रांवर हिशेब करून देणारी गुगलची ऑनलाइन सेवा) खातं काढायला बसल्या आणि तीन ठिकाणी अडकल्या. महाविद्यालयाच्या मेलने गेलं की ‘प्रकल्प तयार करण्याची परवानगी नाही’ असं येतं. स्वतःच्या जीमेलने गेलं की कार्डाचा नंबर मागतात. आणि मैत्रिणीने पाठवलेल्या लिंकवर तिचा प्रोग्राम उघडला, तर ‘नोंदणी झालेली नाही’ म्हणून लाल अक्षरं. “हे फुकट आहे ना? मग कार्ड कशाला?” हा त्यांचा शेवटचा प्रश्न.

आधी शेवटच्याचं उत्तर देतो, म्हणजे धीर येईल. संशोधनासाठी फुकट आहे आणि कार्ड लागत नाही. तुम्ही चुकून शेजारचं दार ठोठावलंत. ते कसं, हे पुढे सांगतो.

एक खुलासा मात्र सुरुवातीलाच करायला हवा, कारण प्रशिक्षणाच्या प्रत्येक वर्गात निदान दोघेजण तरी गुगल अर्थ प्रो डाउनलोड करून आलेले असतात. ते वेगळं. ते पृथ्वीचा गोल फिरवून बघायचं साधन आहे. अर्थ इंजिन तुमच्या संगणकावर काहीच बसवत नाही. १९७२ पासूनची लँडसॅट उपग्रहांची चित्रं, २०१५ पासूनची सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं, पाऊस, तापमान, उंची हे सगळं तिकडच्या संगणकांवर पडलेलं असतं आणि तुमचा हिशेबही तिकडेच होतो. तुमच्याकडे येतं फक्त उत्तर. २०१० मध्ये ही सेवा आली तेव्हा आमच्यासारख्यांना तिचं अप्रूप वाटलं ते यामुळेच. त्याआधी एकेक चित्र रात्रभर उतरवून घ्यायचं आणि पहाटे वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

आता मुद्द्यावर. आपण सरसकट ‘खातं काढलं’ म्हणतो, पण इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या तिन्ही अडचणी त्यांची गल्लत झाल्यामुळे आहेत. पहिली, तुमचं गुगल खातं, म्हणजे तुम्ही स्वतः. दुसरी, क्लाउड प्रकल्प, म्हणजे जिथे तुमचं काम राहतं ती जागा. तिसरी, त्या प्रकल्पाची अर्थ इंजिनसाठी नोंदणी, म्हणजे त्या जागेवर तुम्ही काय करणार याची कबुली. मी वर्गात सातबाऱ्याचं उदाहरण देतो. तुम्ही खातेदार. प्रकल्प म्हणजे गट नंबर. आणि नोंदणी म्हणजे ती जमीन शेतीची की एनए, याची नोंद. खातेदार हजर आहे म्हणून जमीन आपोआप त्याची होत नाही, आणि जमीन आहे म्हणून तिच्यावर काहीही बांधता येत नाही. पूर्वी एका मेलवर नोंदणी केली की भागत असे, प्रकल्पाची भानगड नव्हती. २०२४ च्या नोव्हेंबरपासून प्रकल्प सगळ्यांनाच सक्तीचा झाला. त्यामुळे युट्युबवरचे जुने व्हिडिओ बघून कराल तर तिसऱ्या मिनिटाला पडदा जुळेनासा होईल. ती तुमची चूक नाही.

कोणत्या मेलने काढायचं? इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बटणं कोणीही दाखवेल, हे कोणी सांगत नाही.

महाविद्यालयाचा मेल दिसायला रुबाबदार असतो आणि ‘शैक्षणिक वापर’ हे सांगायलाही सोपं जातं. पण त्या मेलच्या चाव्या महाविद्यालयाच्या संगणक विभागाकडे असतात. बऱ्याच ठिकाणी गुगल क्लाउड ही सेवाच बंद ठेवलेली असते, किंवा सेवा चालू असते पण नवा प्रकल्प उघडण्याचा अधिकार फक्त प्रशासकाला असतो. तुम्हाला आलेला संदेश हाच. यात बिघडलेलं काही नाही. प्रशासकाला अर्ज करा: क्लाउड सेवा माझ्या मेलसाठी चालू करा आणि प्रकल्प तयार करण्याची भूमिका द्या, किंवा तुम्हीच प्रकल्प उघडून मला त्यात घ्या. दोन ओळींचा अर्ज पुरतो. पण अर्ज केला आणि पंधरा दिवस उत्तर नाही, असं झालं तर थांबू नका, स्वतःच्या जीमेलवर काढा.

माझा स्वतःचा कल जीमेलकडेच आहे आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका छोट्या सामाजिक संस्थेसाठी मी पाणलोटाचं काम करत होतो. संस्थेने मला तात्पुरता मेल दिला, सगळं काम त्यावर. तीन हंगाम गावोगाव फिरून काढलेल्या शेतांच्या हद्दी त्यातच चढवलेल्या. काम संपलं, मी बाहेर पडलो, संस्थेने रीतीप्रमाणे मेल बंद केला. दीड वर्षाने त्याच हद्दी पुन्हा लागल्या तेव्हा लक्षात आलं की दुसऱ्या कोणाला मालक म्हणून जोडायचं मी कधी मनावरच घेतलं नव्हतं. हद्दी पुन्हा काढल्या. उन्हात. तुमची पीएच.डी. चार-पाच वर्षं चालेल आणि ती संपली की महाविद्यालयाचा मेलही संपेल, हे आजच धरून चला.

म्हणून करायचं असं: प्रकल्प तुमच्या जीमेलवर काढा आणि मार्गदर्शकांना (किंवा स्वतःच्याच दुसऱ्या जीमेलला) त्यात दुसरे मालक म्हणून जोडून ठेवा. त्या जीमेलला द्विस्तरीय पडताळणी आधीच चालू करा. आणि हो, ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो नंबर तुमचाच आहे ना ते बघा. दहावीच्या प्रवेशावेळी भावाच्या नंबरवर काढलेलं जीमेल आणि भाऊ आता दुबईला, असं एक प्रकरण मी निस्तरलेलं आहे.

पुढचा सापळा ब्राउझरचा. तुमच्या क्रोममध्ये एकाच वेळी महाविद्यालयाचं, स्वतःचं आणि घरच्यांपैकी कोणाचं तरी अशी दोन-तीन खाती उघडी असणार. अर्थ इंजिन त्यातलं पहिलं उचलतं. तुम्ही नोंदणी करता एका खात्याने, पान उघडतं दुसऱ्याने, आणि मग ‘परवानगी नाही’. यावर एकच खात्रीचा इलाज आहे: क्रोममध्ये या कामासाठी वेगळं प्रोफाइल करा आणि त्यात एकच खातं ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

आता त्या नव्या प्रोफाइलमधून अर्थ इंजिनच्या संकेतस्थळावर जा आणि ‘गेट स्टार्टेड’ दाबा. ते तुम्हाला गुगल क्लाउडच्या कन्सोलवर, म्हणजे प्रकल्प सांभाळायच्या पानावर, नेतं. पहिल्यांदाच जात असाल तर देश विचारतं आणि अटी मान्य करायला सांगतं. इथेच वरच्या बाजूला एक ठळक पट्टी येते: ३०० डॉलरचं श्रेय, मोफत चाचणी, सुरू करा. ‘मोफत’ हा शब्द बघून आपण ते दाबतो आणि पुढच्या पानावर कार्ड मागतात. हेच ते शेजारचं दार. ती चाचणी क्लाउडच्या पैसे लागणाऱ्या बाकी सेवांची आहे, अर्थ इंजिनच्या मोफत नोंदणीशी तिचा संबंध नाही. पट्टी बंद करा आणि पुढे चला. कार्ड अर्धवट भरून मागे आला असाल तरी घाबरू नका, नोंदणीवर त्याचा काही परिणाम होत नाही.

मग प्रकल्प. ‘न्यू प्रोजेक्ट’ दाबलं की नाव विचारतं आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात प्रकल्पाचा आयडी आपोआप तयार झालेला दिसतो, शेपटाला निरर्थक आकडे जोडलेला. त्याच्या शेजारी ‘एडिट’ असं लिहिलेलं असतं, ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. नाव नंतर कधीही बदलता येतं. आयडी मात्र एकदा ठरला की ठरला. प्रकल्प पुसून टाकला तरी तोच आयडी पुन्हा मिळत नाही. ६ ते ३० अक्षरं, लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालतं, सुरुवात अक्षराने, आणि जगात दुसऱ्या कोणी तो घेतलेला नसावा. हा आयडी तुम्हाला पुढे शेकडो वेळा टाइप करायचा आहे, फाइलींच्या पत्त्यात तो येणार आहे, कदाचित प्रबंधाच्या परिशिष्टातही छापला जाणार आहे. तेव्हा ‘माय-फर्स्ट-प्रोजेक्ट’ आणि पुढे सहा आकडे असलं काही ठेवू नका. ‘मांजरा-पाणी-लातूर’ अशा धर्तीचं काहीतरी सुटसुटीत घ्या. गाव, विषय, संपलं. माझ्या एका जुन्या प्रकल्पाच्या आयडीत ‘गोदावरी’चं स्पेलिंग चुकलेलं आहे आणि ते आता माझ्याबरोबरच जाणार.

जागा ठरली. आता नोंदणी, म्हणजे शेती की एनए.

पान तुम्हाला विचारतं: वापर व्यावसायिक की अव्यावसायिक? तुम्ही अव्यावसायिक. मग संस्थेचा प्रकार विचारतं, कामासाठी कोणी पैसे देतं का विचारतं, काम काय करणार ते दोन-चार ओळीत लिहायला सांगतं. खरं लिहा आणि नेमकं लिहा. ‘संशोधन’ एवढ्या एका शब्दापेक्षा ‘मांजरा जलाशयाच्या पाणपसाऱ्यातील वार्षिक बदलाचा पीएच.डी.साठी अभ्यास’ हे इंग्रजीत लिहिलेलं वाक्य बरं. शेवटी योजना निवडायला सांगतं. त्यातली ‘कम्युनिटी’ ही सगळ्यात खालची पायरी निवडा, तिला बिलाचं खातं जोडावं लागत नाही. वरच्या पायरीत महिन्याला जास्त गणन मिळतं, पण त्यासाठी कार्ड जोडावं लागतं आणि एका धरणाच्या हिशेबाला त्याची काही गरज नाही. दाबा नोंदणी. पूर्वी मंजुरीच्या मेलची वाट बघत दिवसच्या दिवस जायचे. आता बहुधा तिथल्या तिथे होतं.

अव्यावसायिक कशाला म्हणतात याबद्दल मात्र आपल्याकडे फार ढिसाळपणा आहे, म्हणून सांगतो. तुम्ही विद्यार्थी आहात म्हणून तुमचं प्रत्येक काम अव्यावसायिक ठरत नाही. उद्या एखाद्या साखर कारखान्याने सांगितलं की ताई, आमच्या कार्यक्षेत्रातला ऊस मोजून द्या, एवढे पैसे देतो, तर ते काम या प्रकल्पात करता येणार नाही. त्यासाठी वेगळा, पैसे भरून नोंदवलेला प्रकल्प लागतो. प्राध्यापक मंडळी ‘कन्सल्टन्सी’ घेतात तिथेही हेच. सरकारी कार्यालयाचं रोजचं कामकाजही आपल्याकडे मोफत वापरात बसत नाही. नियम पाळले नाहीत तर लगेच कोणी दारात येत नाही, पण २०२५ मध्ये जुन्या प्रकल्पांनाही पात्रता पुन्हा सिद्ध करायला लावली होती. त्या सूचनेचे मेल आले होते आणि मेल न उघडणाऱ्यांची पंचाईत झाली. प्रकल्पाचा मेल निदान आठवड्यातून एकदा उघडत जा.

नोंदणी झाल्यावर अर्थ इंजिनचा कोड एडिटर (ब्राउझरमध्येच प्रोग्राम लिहायचं पान) उघडा. उजव्या कोपऱ्यात तुमचं चित्र आणि त्याच्या शेजारी प्रकल्पाचं नाव दिसलं पाहिजे. भलतंच नाव दिसत असेल तर चित्रावर टिचकी मारून प्रकल्प बदला. ‘या प्रकल्पात अर्थ इंजिन एपीआय वापरलेला नाही किंवा बंद आहे’ असं आलं तर कन्सोलमध्ये एपीआयच्या (प्रकल्पाला सेवेशी जोडणाऱ्या दुव्यांच्या) यादीतून तो चालू करा आणि चहा पिऊन या. नुकताच चालू केलेला एपीआय लागू व्हायला काही मिनिटं घेतो, तेवढ्यात लोक चार नवे प्रकल्प काढून बसतात. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतून काम करणार असाल तर अधिकृत ओळख पटवल्यावर सुरुवातीच्या आज्ञेत प्रकल्पाचा आयडी द्यावाच लागतो. जुन्या नोटबुकमध्ये तो नसतो, म्हणून ती चालत नाहीत.

खातं चालतं का हे बघायला लोक जगाचा नकाशा उघडून समाधान मानतात. तसं करू नका. तुमचंच काम छोट्या प्रमाणात करून बघा. मांजरा धरण साधारण १८.५५ उत्तर अक्षांश, ७६.१७ पूर्व रेखांशावर आहे. आपण तोंडाने अक्षांश आधी म्हणतो आणि तसंच टाइप करतो. अर्थ इंजिनला रेखांश आधी लागतो. उलटं टाकलंत तर हे धरण जिथे आहे ते केज तालुक्यातलं धनेगाव थेट स्वालबार्डच्या दक्षिणेला, नॉर्वेच्या पलीकडच्या थंडगार समुद्रात जाऊन पडतं. गंमत म्हणजे उत्तर तरीही ‘सगळीकडे पाणी’ असंच येतं, त्यामुळे धरणाचा अभ्यास करणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही.

दुसरी खोच तुमच्या विषयाचीच आहे आणि ती खात्याच्या दोषासारखी भासते. २०१६ चा उन्हाळा तुम्हाला हवाच असणार; लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं तो एप्रिल. तुम्ही सेंटिनेल-२ चा वातावरणशुद्ध (हवेतल्या धूळ-बाष्पाचा परिणाम काढून टाकलेला) संग्रह घ्याल, तारीख एप्रिल २०१६ टाकाल, आणि उत्तर येईल की ‘बी३’ नावाचा बँड (चित्राचा एकेका रंगाच्या प्रकाशाचा थर) सापडत नाही, उपलब्ध बँडची यादी रिकामी. बँड कुठे गेला नाही. त्या संग्रहाची सुरुवातच २०१७ पासून आहे, म्हणून तुमच्या गाळणीतून एकही चित्र आलेलं नाही. एखादी आज्ञा चालवण्याआधी संग्रहात चित्रं किती ते छापून बघायची सवय लावा. शून्य आलं तर खातं, परवानगी, प्रकल्प यांना दोष देऊ नका. २०१६ साठी त्याच उपग्रहाचा वातावरणशुद्धी न केलेला संग्रह घ्या, किंवा लँडसॅट-८ घ्या, तो २०१३ पासून आहे. फक्त सेंटिनेलचा ठिपका (पिक्सेल) १० मीटरचा आणि लँडसॅटचा ३० मीटरचा, तेव्हा दोन्हींची क्षेत्रफळं एकाच तक्त्यात न सांगता ठेवू नका. मी तुमच्या जागी असतो तर सगळी वर्षं लँडसॅटवर काढली असती आणि सेंटिनेल फक्त पडताळणीला वापरला असता.

पाणी ओळखायला हिरवा आणि अवरक्त बँड यांचा फरक भागिले त्यांची बेरीज, हा निर्देशांक पुरतो. जुलै ते सप्टेंबर ढगांमुळे हाती काही लागत नाही, म्हणून ऑक्टोबरअखेर आणि एप्रिलअखेर अशा दोन तारखा धरा. एप्रिलमध्ये पाणी मागे सरलेलं असतं आणि गाळपेरीची पिकं उभी असतात, तिथे काठावरचे ठिपके फसवतात. हे एकदा प्रत्यक्ष काठावर जाऊन बघा.

चित्र किंवा तक्ता बाहेर काढायचा तर ‘गुगल ड्राइव्ह’कडे पाठवा. क्लाउड स्टोरेजकडे पाठवायला गेलात तर पुन्हा बिलाच्या खात्यापाशी येऊन उभ्या राहाल. आणि निर्यातीची आज्ञा दिल्यावर काम आपोआप सुरू होत नाही. उजवीकडच्या ‘टास्क’ या कप्प्यात ते पिवळं होऊन पडलेलं असतं, तिथलं ‘रन’ तुम्ही दाबायचं असतं. रात्रभर ड्राइव्ह उघडझाक करणारे लोक मी पाहिलेत.

राहिली मैत्रिणीची लिंक. लिंकमधून येतो तो फक्त प्रोग्रामचा मजकूर. तो चालतो तुमच्या प्रकल्पात, आणि तुमचा प्रकल्प नोंदवलेला नव्हता म्हणून लाल अक्षरं आली. आता नोंदणी झाल्यावर ती जातील, पण बहुधा दुसरी येतील: ‘फाइल सापडत नाही किंवा तुम्हाला ती बघायची परवानगी नाही’. कारण तिने चढवलेली धरणाची हद्द अजून तिच्याच कप्प्यात आहे. तिला सांगा, त्या फाइलच्या शेअरच्या चौकटीत तुमचा मेल टाकून वाचायची परवानगी द्यायला. हद्द स्वतः चढवणार असाल तर शेपफाइलच्या (नकाशावरच्या हद्दी साठवणाऱ्या फाइलीच्या) चारही सोबती फाइली एकाच झिपमध्ये घ्या. प्रक्षेपणाची फाइल विसरली जाते नेहमी.

हेच उलट बाजूने तुमच्या मार्गदर्शकांना लागू आहे. त्यांना दुसरे मालक म्हणून जोडलंत तर प्रश्नच नाही. मालकी द्यायची नसेल तर कन्सोलमध्ये दोन भूमिका द्या: ‘अर्थ इंजिन रिसोर्स व्ह्यूअर’ आणि ‘सर्व्हिस युसेज कन्झ्युमर’. पहिलीने फाइली दिसतात, दुसरीने तुमच्या प्रकल्पात हिशेब चालवता येतो. लोक पहिली देतात, दुसरी विसरतात. मग सादरीकरणाच्या दिवशी विभागाच्या संगणकावर, विभागाच्या खात्याने लिंक उघडली जाते, नकाशाच्या जागी राखाडी चौकट येते आणि सगळे तुमच्याकडे बघतात. आदल्या दिवशी मार्गदर्शकांना त्यांच्याच लॅपटॉपवर, त्यांच्याच खात्यातून लिंक उघडून ‘रन’ दाबायला लावा, आणि तेव्हा तुम्ही शेजारी बसा.